शिंपला क्रमांक तेरा

एका जंगलात ताप राहायचा. वाघ राहायचा, गवे राहायचे, माकडं राहायची, तसाच तापही राहायचा. त्याचं घर मात्र कुणाला दिसायचं नाही. डासाच्या पोटातून तो निघायचा आणि डास ज्याला चावेल त्याच्या रक्तात जाऊन उतरायचा, पाहुणा उतरतो तसा. आधी हुडहुडी, मग अंगाची भट्टी, मग घाम. मग एक दिवस सुट्टी. की परत हुडहुडी.

मुलांनो, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून बसा. गोष्ट चालू आहे म्हणून डास थांबत नाहीत.

त्याच जंगलात एक झुडूप होतं. त्याचं नाव तोंडवाकडी. पान चावलं की तोंड वाकडं व्हायचं म्हणून. ताप आला की जनावरं हे पान खायची. कुणी एक खायचं, कुणी तोंड भरून. कुणी बरं व्हायचं, कुणी ओकत बसायचं, आणि एक म्हातारा सांबर तर बरा होता होता गेला. किती खावं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी शहाण्याने बसून याचा छडा लावावा, हे सगळ्यांना पटत होतं. फक्त बसायला कुणाला वेळ नव्हता.

मग शेजारच्या जंगलात संशोधन केंद्र निघालं. ते आपल्या वाघमहाराजांच्या कानावर आलं. महाराजांना तापाचं काही नव्हतं. पण शेजारच्या वाघाकडे आहे आणि आपल्याकडे नाही, हे कसं चालेल? त्याच आठवड्यात वडाखालच्या गुहेत ताप संशोधन केंद्र सुरू झालं.

केंद्राचे प्रमुख झाले धनेशराव. धनेश म्हणजे मोठ्या चोचीचा पक्षी. चोच मोठी, वर चोचीवर आणखी एक चोचीसारखा उंचवटा. ते लांबच्या जंगलात शिकून आले होते. काय शिकून आले ते कुणी विचारलं नाही. एवढी चोच असताना विचारायचं कसं?

धनेशरावांनी पहिलं काम केलं ते तोंडवाकडीला कुंपण घालायचं. कुंपणावर पाटी लावली. ‘अभ्यास चालू आहे. खाऊ नये.’

दुसरं काम म्हणजे पानातलं सत्त्व काढायचं. पानात चांगलं काय आणि फुकटचं काय, हे वेगळं करायला हवं ना. आधी पानं पाण्यात उकळली. मग तेलात घातली. मग मोहाच्या दारूत भिजवली. हा शेवटचा टप्पा केंद्रातल्या सगळ्यांना फार आवडला. तो नीट झाला नाही असं म्हणून सहा वेळा केला. सातव्या वेळी कुणीतरी चुकून तो पूर्ण केला, आणि तळाशी पांढरी पूड उरली. चिमटीचिमटीने मोजली तर जेमतेम वीस चिमट्या भरल्या असत्या. ती बांबूच्या नळीत भरून ठेवली.

आता पूड कुणावर वापरायची? तापाच्या जंतूंवर. म्हणजे आधी जंतू हवेत. नुसते हवेत असं नाही, जिवंत हवेत, धडधाकट हवेत. मेलेल्याला मारून काय कळणार?

जंतू पाळणं सोपं नसतं, बरं का. ते फार लाडके असतात. त्यांना रोज ताजं रक्त लागतं. एकसारखी ऊब लागते. जरा गार झालं की मान टाकतात. मग नदीतून बारा मोठे शिंपले आणले, धुतले, त्यांच्यावर नंबर घातले, आणि रक्ताचं काम दिलं साळिंदरबाईंना. साळिंदरबाई आपल्याच अंगाचा काटा उपटायच्या आणि टोचायच्या. एकाला टोचलेला काटा दुसऱ्याला नाही. स्वच्छतेला फार कडक बाई. रक्ताची नोंदवहीही त्यांच्याकडेच, पुडीची नळीही त्यांच्याकडेच. वहीत असेल ते आहे आणि वहीत नसेल ते नाही, असा त्यांचा खाक्या.

उबेचं काम दिलं तान्हाबाई रानकोंबडीला. बारा शिंपल्यांवर पिसं पसरून ती बसायची.

या तान्हाबाईची एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. ती दरवर्षी अंडी घालायची आणि दरवर्षी घोरपड येऊन ती खायची. सात वर्षं असंच. पोटाखालचं काही जगलंय असं तिने कधी पाहिलंच नव्हतं. आणि इथे रोज धनेशराव शिंपल्यात डोकावून म्हणायचे, कालच्यापेक्षा आज दुप्पट झाले. तान्हाबाईचा ऊर भरून यायचा. ती जंतूंना बाळं म्हणू लागली. बाळांना आवाज सहन होत नाही म्हणून गुहेबाहेर तिने पाटी लावून घेतली. ‘शांतता राखा. वाढीचं वय आहे.’

आता पिसोरीकडे येऊ. पिसोरी म्हणजे अगदी लहान हरीण. सशाच्या पुढे एक पाऊल, बस. या पिसोरीचं नाव हौसा. तिला एकच मुलगी, ठकी. तिच्या अंगावर पांढरे ठिपके होते आणि सतत काहीतरी विचारायची खोड होती. आभाळ कुणी धुतलं, मुंग्या घरी कधी जातात, असं.

एक दिवस ठकीने काही विचारलं नाही. हौसाने कपाळाला नाक लावलं. चटका बसला.

आयांना कसं कळतं, हे मला विचारू नका. कळतं. मग रात्रभर श्वास मोजत बसावं लागतं, आणि श्वास नीट चालू असला तरी मोजणं थांबवता येत नाही.

सकाळी हौसा तोंडवाकडीकडे धावली. तर कुंपण. तिथल्या माकडाने सांगितलं, आता पान नाही, आता केंद्र. मग ती ठकीला घेऊन केंद्रात गेली.

केंद्रात तिचं फार छान स्वागत झालं. धनेशराव स्वतः पुढे आले. ठकीला हुडहुडी भरलेली पाहून ते हरखूनच गेले. इतका सुरेख ताप त्यांनी कधी पाहिला नव्हता म्हणे. वेळेवर येतो, वेळेवर जातो. साळिंदरबाईंनी काटा टोचून थेंब घेतला, तो शिंपल्यात घातला, आणि चार दिवसांत बारा शिंपले भरले. आधी आणलेले जंतू संख्येने वाढायचे, पण मरतुकडे निघाले होते. ठकीचे मात्र बाळसेदार. धनेशरावांनी त्यांना नाव दिलं ‘धनेश वाण’. हौसाला सांगितलं, तुला अभिमान वाटायला हवा.

हौसाला अभिमान कुठे ठेवावा ते कळेना. तिने औषध मागितलं.

धनेशरावांनी तिला न रागावता समजावलं. औषध आहे की नाही हे आधी जंतूंना विचारावं लागतं. जंतू मेले तर ते औषध. मग ते दुसऱ्यांदा विचारायचं, मग तिसऱ्यांदा. मग मोठी जनावरं, मग लहान. तोवर तिने एकच करायचं. ठकीला ताप चढला की घेऊन यायचं, आणि घरी काहीबाही खायला घालून ताप बिघडवायचा नाही.

हौसा एक दिवसाआड येऊ लागली. ठकीचं रडणं जंतूंना सोसत नाही म्हणून तिला बाहेर उन्हात बसवायचे. आत बारा शिंपल्यांना ऊब, ताजं रक्त, शांतता. बाहेर ठकी. तिच्या पापण्यांच्या आतला लाल रंग गेला, तिथे पांढरं दिसायला लागलं. चौथ्या खेपेला ती चालत आली नाही. हौसाने तिला ढोसत, ढकलत, शेवटी कानाला धरून ओढत आणलं.

आणि एकदाचा प्रयोगाचा दिवस उजाडला.

धनेशरावांनी सगळं नीट सांगितलं. पहिल्या सहा शिंपल्यांत पूड घालायची. दुसऱ्या सहांत नुसतं पाणी. म्हणजे फरक कळेल. पूड घालायचं काम तान्हाबाईचं, कारण तिच्या चोचीची सवय जंतूंना होती. एवढं सांगून धनेशराव महाराजांकडे प्रगती सांगायला गेले.

पूड कशासाठी, हे मात्र तान्हाबाईला कुणी सांगितलं नाही. कोंबडीला काय सांगायचं?

तान्हाबाईला वाटलं, टॉनिक असणार. एवढी मेहनत घेऊन, इतक्या वेळा दारूत भिजवून केलंय, म्हणजे बाळांच्या अंगाला लागेल असंच काहीतरी. तिने सहा शिंपल्यांकडे पाहिलं. मग उरलेल्या सहांकडे पाहिलं. सहांना वाढायचं आणि सहांनी तोंडाकडे बघत बसायचं? असला पंक्तिप्रपंच तिच्याने होणार नव्हता. तिने नळीतून काढून दिलेल्या पुडीचे बारा सारखे वाटे केले आणि बाराही शिंपल्यांत घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाराच्या बारा शिंपले गार. एकही जंतू जिवंत नाही.

केंद्रात सुतक पडलं. तान्हाबाई कोपऱ्यात तोंड खुपसून बसली. साळिंदरबाईंनी वहीत बारा वेळा ‘मेले’ लिहिलं आणि बारा वेळा डोळे पुसले. एवढ्या कौतुकाने वाढवलेलं वाण.

हौसा तेवढ्यात ठकीला घेऊन आली. झालेलं ऐकलं आणि तिला हसूच फुटलं. म्हणजे औषध लागू पडलं की, ती म्हणाली.

धनेशराव फार दुखावले. असं नसतं बाई, ते म्हणाले. पाण्याचे सहा जगले असते आणि पुडीचे सहा मेले असते, तर लागू पडलं म्हणता आलं असतं. आता सगळेच मेले. ते पुडीने मेले, गारठ्याने मेले की कोंबडीच्या वजनाने मेले, कोण सांगणार? सगळं पहिल्यापासून करावं लागेल. आणि त्याला जंतू लागतील. जंतू तर एकाच ठिकाणी उरलेत.

सगळ्यांनी ठकीकडे पाहिलं.

धनेशराव शेजारच्या जंगलातून थोडे जंतू उसने मिळतात का ते बघायला निघाले. जाताना साळिंदरबाईंना बजावून गेले, या मुलीला जपा. हिचा ताप उतरता कामा नये. सगळं संशोधन आता हिच्या अंगात आहे.

ते गेले तशी हौसा साळिंदरबाईंसमोर बसली. रडली नाही. रडून या बाईंकडून काही मिळत नाही, हे तिला एवढ्या खेपांत कळलं होतं. तिने नळीतली पूड मागितली.

साळिंदरबाईंनी नियम सांगितला. पूड फक्त शिंपल्यात घालता येते.

“शिंपला कशाला म्हणायचं हे कोण ठरवतं?” हौसाने विचारलं.

“वहीत ज्याला नंबर आहे, तो शिंपला.”

“मग हिला नंबर घाला.”

साळिंदरबाईंनी वही पुढून मागे चाळली, मागून पुढे चाळली. ठकीला नंबर घालू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. जंतू आत आहेत का? आहेत. रक्त आहे का? थोडं आहे. मग अडचण कसली? त्यांनी काटा शाईत बुडवला आणि लिहिलं, शिंपला क्रमांक तेरा.

त्यासरशी ठकीला उन्हातून आत घेतलं. मऊ गवतावर ठेवलं. शिंपल्यांना मिळतं ते सगळं तिला मिळायला लागलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिला ऊब हवी का, असं विचारलं.

पण शिंपल्यात पूड घालायचं काम तान्हाबाईचं, आणि तान्हाबाई उठायला तयार नाही. आता तिला पूड म्हणजे काय ते कळलं होतं. तिने हौसाकडे न बघता मान हलवली.

“पोरीच्या आत आहेत ती शेवटची आहेत गं माझी,” ती म्हणाली.

“माझी ही पहिलीच आहे,” हौसा म्हणाली.



मग तान्हाबाईने खरं काय ते सांगितलं. भीती जंतूंची नव्हती. बारा जण माझ्या चोचीने गेले, ती म्हणाली. आता तेराव्यात पूड घातली आणि मुलगीच गेली, तर? पूड जंतूंना मारते हे कळलं. मुलीला मारत नाही हे कुणाला माहीत आहे?

हे धनेशरावांनाही माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. म्हाताऱ्या सांबराचं काय झालं ते मात्र सगळ्यांना आठवत होतं.

हौसाने नळी ओढून घेतली आणि दोन चिमट्या पूड स्वतः खाल्ली. तोंड वाकडं झालं. पोटात कालवलं. कानात रातकिडे ओरडायला लागले, तेही भर दुपारी. संध्याकाळपर्यंत ती भिंतीला टेकून बसली आणि आपलेच श्वास मोजत राहिली. सकाळी रातकिडे थांबले. हौसा उठली आणि पोट रिकामं आहे म्हणाली.

साळिंदरबाईंना हे सगळं लिहून ठेवायचं होतं. पण वहीत शिंपल्याचा रकाना होता, जंतूचा होता, पुडीचा होता. आईचा रकाना नव्हता. म्हणून हौसाने पूड खाल्ली, हे झालंच नाही.

हिशेब मात्र त्यांनी नीट करून दिला. हौसा मोठी, ठकी तिच्या चौथाईएवढी. आईला दोन चिमट्या सोसल्या, तर मुलीला अर्धी.

उन्हं वर आली तशी ठकीला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. तान्हाबाई सवयीने उठली आणि तिच्यावर पिसं पसरून बसली. बसली आणि दचकली. शिंपले धडधडत नाहीत. हा धडधडत होता. पिसांखालून एक बारीक आवाज आला, आई कुठे आहे, म्हणून. सात वर्षांत तिच्या पोटाखालून कुणी काही विचारलं नव्हतं.

तान्हाबाईने अर्धी चिमूट चोचीत घेतली आणि ठकीच्या जिभेवर ठेवली.

तीन दिवस सकाळी अर्धी चिमूट. पहिल्या दिवशी ताप आला तसाच राहिला. हौसाने त्या रात्री किती श्वास मोजले ते सांगत नाही, आकडा मोठा आहे. तिसऱ्या दिवशी सकाळची वेळ झाली, ती टळली, दुपार झाली, हुडहुडी आलीच नाही. चौथ्या दिवशी ठकीने विचारलं, धनेशकाकांच्या चोचीवर दुसरी चोच कशाला? हौसा तोंड फिरवून रडली. ते आधीचं राहिलेलं रडणं होतं.

मुलांनो, तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. टाळ्या वाजवायच्या आणि झोपायचं. नाही. धनेशराव यायचे आहेत.

धनेशराव हात हलवत परत आले. शेजारच्या जंगलाने जंतू दिले नाहीत. चहा दिला. त्यांनी आल्या आल्या वही मागवली. वहीत लिहिलं होतं, ‘शिंपला क्रमांक तेरा. जंतू मेले. शिंपला उठून चरायला गेला.’

धनेशराव खाली बसले. ते वाईट नव्हते, हे लक्षात ठेवा. मुलगी बरी झाली याचं त्यांना वाईट वाटलं नाही. त्यांना एवढंच कळेना, की ती पुडीने बरी झाली कशावरून? आपली आपण झाली नसेल कशावरून? एका शिंपल्यावरून काही सिद्ध होत नाही. आणि यात त्यांचं काही चुकतही नव्हतं, हीच तर पंचाईत. पूड मोठ्या जनावराला चालते का, हेही त्यांनी विचारलं. साळिंदरबाईंनी वही पाहून सांगितलं, मोठ्या जनावराची नोंद नाही.

मग महाराजांना अहवाल गेला. ‘जंतूंचा साठा संपला. कारण, शेवटच्या शिंपल्याला पाय होते.’

महाराजांनी वाचलं. हं, म्हणाले. आणि फर्मान काढलं. यापुढे केंद्रात पाय असलेला शिंपला घेतला जाणार नाही.

फर्मान कावळ्याने झाडाझाडावर ओरडून सांगितलं. कावळ्याला वाटलं, यात कुणाला काय एवढं. पण जंगलात जिच्या जिच्या पोराला ताप होता, तिने ते कान देऊन ऐकलं. ठकी बरी झालेली सगळ्यांनी पाहिलीच होती. पायाचं पुढे बघून घेऊ म्हणत तिने बाकीचं नेमकं उचललं. केंद्रात शिंपल्यांना औषध मिळतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गुहेसमोर रांग लागली. भेकरी आल्या, माकडिणी आल्या, एक रानडुकरीण आपली पाच पिल्लं घेऊन आली. येताना वाटेतच प्रत्येकीने आपल्या पोराला शिकवलं होतं. पाय पोटाशी घ्यायचे. शेपूट आत. डोळे मिटायचे. काही विचारायचं नाही. आई म्हणून हाक मारायची नाही. नंबर मिळेपर्यंत तू शिंपला आहेस.

पोरं ओळीने भिंतीकडेला बसली. तापाने लाल, गोल गोल, गप्प. लांबून पाहिलं तर नदीकाठच वाटावा.

साळिंदरबाई वही घेऊन बाहेर आल्या. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेल्या. प्रत्येकासमोर थांबून, वाकून, पाय शोधले. एकही पाय दिसला नाही. मग पहिल्यापाशी येऊन त्यांनी काटा शाईत बुडवला आणि लिहिलं, चौदा.

तेवढ्यात डुकरिणीच्या धाकट्या पिल्लाला हुडहुडी भरली आणि त्याचा एक पाय सटकन बाहेर आला. त्याची आई पुढे सरकली आणि त्या पायावर बसली.

तात्पर्य : मुलांनो, विज्ञानावर विश्वास ठेवा आणि औषध नेहमी मोजूनच घ्या. फक्त औषध मागायला जाताना आजारी मूल म्हणून जाऊ नका. आजारी मुलाला ‘उद्या या’ सांगतात. शिंपल्याला कुणी सांगत नाही.